डाव्या हाताचं खोटं

"माझ्याशिवाय पथकाचा पहिला ठोका पडायचा नाही. लिहून घे!" असं गरजत शिरीषनं ढोलाचं टिपरू उगारलं. उजव्या मनगटातून कळ निघाली आणि टिपरू थेट आमटीच्या पातेल्यात पडलं.

"घेतलं लिहून," मृणालिनी म्हणाली. "रविवारी विसर्जन आहे. अभिषेकला सांगू ना, तयारीत राहा म्हणून?"

पथकातला तरुण अभिषेक पहिल्या ठोक्यावर कधीचा टपून होता. बायकोनं मुद्दाम त्याचंच नाव काढलं म्हटल्यावर शिरीष तणतणत ॲक्युपंक्चरवाल्या कोरियन डॉक्टर पार्कबाईंकडे गेला. बाईंनी उजवं मनगट तपासलं आणि सुया डाव्या हातात टोचल्या.

"अहो, दुखतोय हा!"

"माहितीये. आमच्या पद्धतीत सुई कधीकधी दुसऱ्या बाजूला टोचतात. हलू नका."

"मी फार्मसिस्ट आहे!"

"मग गोळ्या खा."

घरी येऊन तो ओरडला, "त्या बाईला डावं-उजवं कळत नाही!"

"तुला फार कळतं ना? मग तूच घे टोचून."

शिरीषनं डोकं चालवलं. पुढच्या खेपेला त्यानं बेधडक डावा हात पुढे केला. "आज हा दुखतोय."

हिशोब बरोबर आला. सुई उजव्या मनगटात गेली. पण 'दुखऱ्या' जागी शेक द्यायचा म्हणून बाईंनी त्याच्या धडधाकट डाव्या मनगटावर धुमसत्या पाल्याची गोळी ठेवली, हे काही त्याच्या हिशोबात नव्हतं. उजवीकडे सुई फिरली, शिरीष किंचाळून उसळला, गोळी घरंगळत तळव्यात आली आणि त्यानं घाबरून मूठ आवळली.

"खरं कुठे दुखत होतं?" बाईंनी विचारलं.

"आता दोन्हीकडे."

"खोटं बोलण्यावर माझ्याकडे सुई नाही. पुन्हा येऊ नका."

रविवारी सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांच्या रस्त्यावर पथक जमलं. शिरीषच्या एका हाताला पट्टा, दुसऱ्याला बँडेज.

"काका, झेंडा घेता?" अभिषेक म्हणाला. "अरे हो, तोही धरावा लागतो. शिट्टी चालेल?"

"काका कोणाला म्हणतोस रे? मृणालिनी, ढोल बांध माझ्या कमरेला."

"वाजवणार कशानं? कपाळानं?"

"तू बांध. आणि सैल बांध, श्वास घेता आला पाहिजे."

तिनं सैलच बांधला. पहिला ठोका अभिषेकनं दिला. त्याच्याही पुढे, छाती काढून, मुका ढोल मिरवत शिरीष चालू लागला. लोक फोटो काढत होते. त्यानं मान आणखी ताठ केली.

मिठाईच्या दुकानासमोर गाठ सुटली. ढोल पायावर पडला आणि अंगठा मोडला. पथक त्याला वळसा घालून पुढे गेलं.