हात मागे बांधून पाच मिनिटं

मोटार दुरुस्तीच्या वर्गात मी तीस वर्षं मुलांकडून एकच गोष्ट घोकून घेतली. गाडी समोर आली की आधी हात मागे बांधायचे आणि पाच मिनिटं नुसतं बघायचं. पाना नंतर. माझी मुलगीही त्याच वर्गात शिकली आणि आता स्वतःचा ट्रक चालवते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी कशी शोभा झाली ते नीट कळेल.

त्या दिवशी सकाळी ती चढ अर्ध्यावर सोडून घरी परतली. मागे नऊशे रोपं होती. ती संध्याकाळच्या आत बागवाल्याकडे पोचली नाहीत तर सुकणार, आणि तिचं पहिलं मोठं काम हातचं जाणार.

"बाबा, ट्रक उभा असला की ठीक असतो. चालवायला लागलं की तापमानाचा काटा लालमध्ये जातो."

अर्धं उत्तर यातच होतं. पण निवृत्त माणसाला कुणी दुखणं सांगितलं की त्याला ऐकू कमी येतं आणि सुचतं जास्त. मी बाह्या सरसावल्या.

आधी थर्मोस्टॅट. तो पाण्याचा दरवाजा. इंजिन तापलं की उघडतो आणि पाण्याला निवायला रेडिएटरकडे सोडतो. दरवाजा अडकला असणार, म्हणून बदलला. ती एक फेरी मारून आली. काटा लाल. मग पंख्याचा पट्टा ताणला. तो बिचारा आधीच ताठ होता. शेवटी इंजिन निवल्यावर रेडिएटरचं झाकण काढून ते सुरू केलं, तर पाण्यात चार बुडबुडे आले. नवं पाणी मीच भरलेलं, तेव्हा आत हवा राहणारच. मला मात्र त्या चार बुडबुड्यांत फुटलेलं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातला वायू पाण्यात शिरू न देणारी पट्टी, दिसलं.

"इंजिन खोलावं लागेल," मी गंभीरपणे म्हणालो. "तीन दिवस."

मुलगी मागे चढून रोपांवर पाणी शिंपडत बसली. खिडकीतून तिची आई म्हणाली, "शिलाई मशीन खोललं होतंत, त्याचे दोन स्क्रू अजून माझ्या डब्यात आहेत. ट्रकसाठी मोठा डबा बघून ठेवू का?"

मुलगी खाली उतरली आणि ट्रकसमोर हात मागे बांधून उभी राहिली.

"हे काय?"

"पाच मिनिटं, सर."

घरी ती मला 'सर' म्हणाली की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय.

पाच मिनिटांनी ती आणखी एक फेरी मारून आली, आणि रेडिएटरच्या पाइपांजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहिली. "वरचा गरम. खालचाही जवळजवळ तेवढाच. म्हणजे पाणी फिरतंय, पण निवत नाहीये. वारा कुठे अडतोय?"

तिने पुढची जाळी उघडली, आत हात घातला आणि धुळीने काळा झालेला भलामोठा पुठ्ठा बाहेर ओढला.

तो मीच लावला होता. कडाक्याच्या थंडीत इंजिन लवकर तापावं म्हणून रेडिएटरपुढे पुठ्ठा लावतात. त्यावर माझ्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'थंडी संपताच काढणे. विसरू नये.' मजकुराची बाजू आत होती. म्हणजे वाचायचं ते रेडिएटरने.

"अक्षर छान आहे," मुलगी म्हणाली.

मी जाळीचे बोल्ट आवळायला पुढे झालो. तिने पाना माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

संध्याकाळी तिचा फोन आला. काटा वाटभर मध्यावर होता, रोपं उतरली होती, आणि बागवाल्याने पुढच्या आठवड्याचंही काम दिलं होतं.

"बरं," मी म्हणालो, "येताना इंजिनचा आवाज जरा वेगळा वगैरे वाटला, तर..."

"बाबा," ती म्हणाली, "हात मागे."