हाताला न लागलेले फोड

मी एक जुने चित्रकार्ड आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्ही तोंड फिरवाल, पण त्याचा मला राग नाही. माझ्यावर एका लहान मुलाचा फोटो आहे आणि त्याचे सारे अंग फोडांनी भरले आहे. त्याचे नाव मला कुणी कधी सांगितले नाही.

१९७३ साली मी लस टोचणाऱ्या अर्जुनाच्या पिशवीत आले. घरोघरी मला दाखवून तो विचारायचा, "असं कुणाला झालंया का?" गाव बदलले की रोगाचे नाव बदलायचे. कुणी देवी म्हणे, कुणी चेचक, मिरजेच्या पलीकडे कानडी घरांत सिडुबु. अर्जुनाने ही नावे शाईने माझ्या पाठीवर लिहिली होती. मला त्याचा भारी तोरा होता. नाव काही असो, मला पाहिले की माणसे ओळखत.

उंब्रजजवळच्या एका गावात अर्जुनाची आत्या शालूबाई राहायची. तिच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लावलेला दिसला, घरात देवी आल्याची ती खूण.

"आत्ती, कुणी आजारी हाय का?"

"आजारी कुणी न्हाई. कृष्णाताच्या अंगावर आई आल्यात. त्यास्नी रोग म्हनू नगंस, आन ते चितार हितं काढू नगंस. कोपल्या तर माजा नातू जाईल."

अर्जुनाला सारे कळले. आजूबाजूच्या घरांतल्या साऱ्यांना त्याच दिवशी लस टोचायची, हे त्याचे कामच होते. पण शेजारी लस टोचायची तर हा रोग आहे असे सांगावे लागले असते, आणि आत्याचा शब्द त्याला मोडवेना. अर्धे बाहेर काढलेले मला त्याने परत पिशवीत सारले आणि चार दिवसांनी येतो म्हणाला.

चाराचे पंधरा झाले. कृष्णात उठून खेळू लागला होता. शेजारच्या रहिमानची पाच वर्षांची जैनब मात्र अंथरुणात होती. ती जगली, पण तिचे दोन्ही डोळे गेले.

तिची आई अख्तरबी अर्जुनाला एवढेच म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी तुमी आमच्या दारावरनंच गेलासा. थांबला का न्हाईसा?"

पुढे देवीचा रोग देशातून गेला. अर्जुना दर वर्षी जैनबला भेटायला जायचा. एकदा तिने मला मागून घेतले आणि माझ्यावरून सावकाश बोटे फिरवली.

"मामा, ह्या पोराला फोड हायत म्हनता, मग हाताला का लागत न्हाईत?"

तिने तोच हात आपल्या वणांनी भरलेल्या गालावर ठेवला.

मित्रांनो, आता मी अर्जुनाच्या ट्रंकेत असते. तो मला कधी बाहेर काढत नाही. घरात दुखणे आले तर त्याला हवे त्या नावाने हाक मारा, पण शेजाऱ्याला त्याच दिवशी सांगा. आणि कुणाला सावध करायचे काम तुमच्याकडे आले, तर आपल्या माणसाच्या दारातही ते करा. मला अजून त्या दिवशीचा पिशवीतला अंधार आठवतो. बाहेर शेजारच्या अंगणात जैनब हसत होती, ते मला ऐकू येत होते.