चहाच्या चोथ्यावरचं प्राग

गुरुनाथ पोंक्षे रियाधमध्ये चोवीस वर्षं राहिले आणि त्यातली अकरा वर्षं त्यांनी गणपतीच्या आजूबाजूला प्राग बसवलं.

ते एका बांधकाम कंपनीत नकाशे काढत. तिथला एक चेक इंजिनिअर नोकरी सोडून जाताना प्रागच्या इतिहासाचं एक जाडजूड सचित्र पुस्तक मागे टाकून गेला. माणसं जाताना टाकून जातात त्या सोफ्यांना आणि मिक्सरना लगेच मालक मिळतो. पुस्तक पोंक्ष्यांच्या गळ्यात पडलं, ते कायमचं. तिथल्या मराठी मंडळातल्या बाकीच्यांना देखाव्यात कैलास पर्वत हवा असायचा, नाहीतर रायगड. पोंक्षे थर्माकोल घेऊन बसत आणि त्यातून चर्चचे मनोरे निघत.

एका वर्षी त्यांनी चौदाव्या शतकातला पूल केला. चुना घट्ट व्हावा म्हणून राजाने गावोगावची अंडी मागवली होती आणि एका गावाने म्हणे ती वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली. गणपतीपुढे अंडी बघून मंडळातल्या अर्चनाने नाक मुरडलं. पोंक्षे म्हणाले, "पिंगपाँगचे चेंडू आहेत गं. वास घेऊन बघ हवं तर." दुसऱ्या वर्षी १९६८ साल होतं. परके रणगाडे शहरात शिरले तेव्हा लोकांनी रस्त्यांच्या पाट्या उतरवून ठेवल्या आणि सैन्य चुकत राहिलं. काड्यापेट्यांचे ते रणगाडे दीड दिवस गणपतीभोवती पत्ता शोधत फिरले.

सौदीत मूर्तिपूजेला बंदी, त्यामुळे हे सगळं अर्थात पडदे ओढून. आरती कुजबुजत, टाळ्या दोन बोटांनी, आणि निवेदन बसक्या आवाजात पोंक्ष्यांचं. त्यांचं वाक्य संपायच्या आत स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचं, विभावरीबाईंचं, खंडन यायचं. मग त्यांचं उत्तर, मग तिचं. देखावा बारा मिनिटांचा आणि भांडण पाऊण तासाचं. शेवटी सुबोधने, म्हणजे अर्चनाच्या नवऱ्याने, गेल्या वर्षी ठराव मांडला. सुबोध बँकेत कॉम्प्युटरचं बघायचा आणि त्याला कुठलीही गोष्ट शिस्तीत हवी असायची.

"काका, पुढच्या वर्षी निवेदन रेकॉर्ड करून आणा. म्हणजे जरा प्रोफेशनल होईल."

"म्हणजे तुझ्या काकूला गप्प करायचं असंच ना?" पोंक्षे म्हणाले. "मला छत्तीस वर्षांत नाही जमलं. कॅसेटला जमतंय का बघू."

मे महिन्यात एका दुपारी, बायको झोपलेली असताना, खोलीचं दार लावून त्यांनी कॅसेट भरली. जूनमध्ये ते गेले. मेंदूत रक्तस्राव, दोन दिवसांत.

त्यांची मुलगी स्मृती त्याच शहरात एका इस्पितळात रेडिऑलॉजिस्ट होती. रोज पन्नास अनोळखी डोकी काळ्यापांढऱ्या चकत्यांमध्ये बघायची आणि कुठे काय बिघडलंय ते चार ओळींत लिहायचं, हे तिचं काम. ती आईवडिलांबरोबरच राहायची. रोज रात्री बाबांच्या समोर बसून जेवायची.

गावी नेऊन सगळं उरकल्यावर मायलेकी ऑगस्टमध्ये परत आल्या. आईचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, बाबांच्या नोकरीवर होता, त्यामुळे महिन्याभरात घर आवरून तिला देश सोडायचा होता. आवरताना बाल्कनीत चहाच्या चोथ्याची दोन पोती निघाली, वाळवून ठेवलेली. आणि टेबलाच्या खणात कॅसेट. तिच्यावर बाबांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: 'प्राग, १६१८. खिडकी.' आणि खाली मे महिन्यातली तारीख.

स्मृतीने ती एकटीने ऐकली, आणि घाबरली.

बाबा नीट सुरुवात करत होते. मग मध्येच गप्प व्हायचे. सात सेकंद, दहा सेकंद. नुसती खरखर. आणि परत बोलायला लागले की आधीच्या वाक्याशी संबंध नसलेलं काहीतरी बोलायचे. 'असू दे,' म्हणायचे. 'हो, तुझाच,' म्हणायचे. कुणाचा? खोलीत कुणीही नव्हतं. तिने तीनदा ऐकली. असे तुटक बोलणारे पेशंट तिला माहीत होते. बोलताना थांबतात, धागा सुटतो, समोर नसलेल्या माणसाला उत्तर देतात. त्यांना नातेवाईक उशिरा घेऊन येतात आणि मग डॉक्टर विचारतात, हे कधीपासून होतंय? तुमच्या लक्षात नाही आलं?

म्हणजे मे महिन्यातच सुरू झालं होतं. आणि ती रोज समोर बसून आमटी वाढून घेत होती.

आईला तिने काही सांगितलं नाही. सुबोधने मात्र विषय काढलाच. पोंक्ष्यांकडे वर्षभर सण नव्हता, म्हणून यंदा गणपती सुबोधकडे बसणार होता.

"मी काय म्हणतो स्मृती, देखाव्यात मधोमध काकांचा मोठा फोटो लावू. हार घालू. एका बाजूला समई. आणि मी दोन शब्द बोलेन, त्यांच्या त्यागाबद्दल."

"कसला त्याग?"

"असेल ना काहीतरी."

"सुबोधदादा, बाबांना तुम्ही समईशेजारी उभं केलंत तर ते पिंगपाँगचे चेंडू घेऊन परत येतील. त्यांचा देखावा अर्धा झालाय, मी पूर्ण करते. कॅसेटही आहे." मग तिने नजर टाळून सांगितलं, "तेवढं एक करा. कॉम्प्युटरवर घालून मधल्या रिकाम्या जागा काढून टाका. सगळ्या. सलग वाटलं पाहिजे."

"एवढंच ना? दहा मिनिटांचं काम," सुबोध म्हणाला. कुणी काही साफ करायला सांगितलं की तो खुलायचा.

बाबांचं डोकं भरकटल्याचं मंडळातल्या एकाही माणसाच्या लक्षात येता कामा नये, एवढंच तिला हवं होतं. आणि लोकांनी थोडं हसावं. जूनपासून तिच्यासमोर कुणी हसलंच नव्हतं. ती दिसली की माणसं चेहरे उतरवून घेत, दारात चपला उतरवतात तसे.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, सुबोधच्या दिवाणखान्यात तीसेक माणसं जमली. कोपऱ्यात थर्माकोलचा किल्ला, त्याला एक उंच खिडकी, खिडकीत दोऱ्यांनी टांगलेल्या तीन कापडी बाहुल्या. दोन जाड, एक बारीक. खाली चोथ्याचा ढीग. मागे दोऱ्या धरून स्मृती. आई देखाव्याला येणारच नव्हती, पण उकडीचे मोदक तिच्यासारखे कुणाला जमत नसत, म्हणून आतमध्ये ती पिठात हात घालून बसली होती.

सुबोधने सीडी लावली.

"मंडळी, हे प्राग," बाबा म्हणाले. "हा किल्ला, ही खिडकी. खाली सत्तर फूट. असू दे, मी नकाशे काढणारा माणूस आहे, सत्तर म्हणजे सत्तर."

पुढच्या रांगेत अर्चनाने डोळ्यांना पदर लावला. तिच्या शेजारणीने तिचा हात धरला. हसणं सोडाच, खोलीत शोकसभा भरली.

"आत राजाची बाजू घेणारे दोन सरदार आणि त्यांचा कारकून. समोर चिडलेली प्रोटेस्टंट मंडळी. बोलून बोलून कंटाळलेली. केले होते अर्ज, राजाने धुडकावले, त्यावरूनच तर..."

"साठ!" आतून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. विभावरीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, कोपरापर्यंत पीठ.

"पहिला सरदार गेला," बाबा सांगत होते. स्मृतीने यंत्रासारखी दोरी सोडली. जाड बाहुली चोथ्यात पडली.

"अहो, थांबा जरा!" आई म्हणाली. "मला बोलू तरी द्या!"

अर्चना लगबगीने उठली. "काकू, चला, आत बसा हं. पाणी देऊ?"

"अगं सोड, मला काही झालेलं नाही. ह्यांना काय झालंय? साठ फुटांचे सत्तर करायचे आणि थांबायचंही नाही? जन्मात कधी असे सुसाट बोलले नाहीत. माझं ऐकून घ्यायचे, मग हेका चालवायचे."

स्मृतीच्या हातातल्या दोऱ्या सुटल्या. उरलेला सरदार आणि कारकून एकदमच खाली कोसळले. इतिहासाला धरून नव्हतं ते. ती उठली, सीडी बंद केली, पर्समधून कॅसेट काढली.

"अगं, ती जुनी आहे," सुबोध म्हणाला. "त्यात गॅप आहेत."

"माहीत आहे," स्मृती म्हणाली. तिने बाहुल्या परत खिडकीत चढवल्या आणि बटण दाबलं.

"...खाली सत्तर फूट."

खरखर.

"साठ," आई म्हणाली. "मला सांगताना साठ होते. नंतर काय जमीन खचली?"

"असू दे," बाबा म्हणाले. "मी नकाशे काढणारा माणूस आहे, सत्तर म्हणजे सत्तर."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"...समोर चिडलेली प्रोटेस्टंट मंडळी. बोलून बोलून कंटाळलेली."

"म्हणून माणसं फेकायची? रीतसर अर्ज करावा की!"

"केले होते अर्ज, राजाने धुडकावले, त्यावरूनच तर भांडण. पहिला सरदार गेला. दुसरा चौकट सोडेना म्हणून त्याच्या बोटांवर कट्यारीची मूठ हाणली. गेला. मग मंडळींनी कारकुनाकडे पाहिलं."

"त्या बिचाऱ्याला कशाला? त्याचा काय संबंध?"

"संबंध एवढाच की तो हजर होता. वेळेवर ऑफिसला जाण्याचे तोटे."

आता सुबोधही हसला, आणि जमलेल्यांत त्याच्या बँकेतले पंधरा जण होते, ते साथीला आले. स्मृती दोऱ्या सोडत होती आणि मनातल्या मनात कॅसेट पुन्हा तपासत होती, जागा न् जागा. सात सेकंद: आई. दहा सेकंद: आई, जरा लांबलेली. एकही जागा जास्त नव्हती. मे महिन्यात ते डोकं ठणठणीत होतं आणि त्यात आई शब्दन् शब्द बसलेली होती.

"तिघेही वाचले," बाबा म्हणाले. "कॅथलिक म्हणाले, देवदूतांनी झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, कसले देवदूत, खाली उकिरडा होता."

"कसला उकिरडा? माझ्या चहाचा चोथा आहे तो! चार महिने माझी बाल्कनी अडवून ठेवली!"

"हो, तुझाच. लागला ना उपयोगी?"

खोलीत हशा उसळला. दोन बोटांच्या टाळ्यांची शिस्त मोडली. कुणीतरी खिडकीचा पडदा आणखी ओढून घेतला आणि परत येऊन हसायला लागलं.

"आता हा कारकून," बाबा म्हणाले. "तो नेमका सरदाराच्या अंगावर पडला, आणि म्हणतात की त्याने आधी माफी मागितली. नोकरी मुरली होती अंगात. मग उठून तो कुठे गेला असेल?"

खरखर सुरू झाली. सगळे विभावरीबाईंकडे बघायला लागले. त्यांनी हाताचं पीठ झटकलं.

"जातोय कुठे? मेला असेल मेला."

"मेला नाही," बाबा म्हणाले. "व्हिएन्नाला गेला. झालेलं सगळं राजाच्या कानावर घालायला. पुढे राजाने त्याला सरदार केलं आणि नाव दिलं, उंचावरून पडलेला. त्या एका दुपारच्या फेकाफेकीवरून युरोप तीस वर्षं लढला, प्राग लुटलं गेलं, भर चौकात सत्तावीस जणांना मारलं. कारकुनाला मात्र बढती मिळाली. गणपती बाप्पा मोरया."

आणि कॅसेट खट् करून थांबली.

स्मृती किल्ल्यामागे बसून हसत होती. हसता हसता तिला हुंदका आला, तो कुणाला दिसला नाही.

"उलटी कर गं," आई म्हणाली.

"आई, पलीकडे काही नाहीये. मी ऐकलंय."

"असू दे. लाव."

स्मृतीने कॅसेट उलटी केली. खरखर सुरू झाली, ती पूर्ण अर्धा तास चालणार होती. आईने खुर्ची ओढली आणि देखाव्याच्या अगदी पुढ्यात बसली.

"तुम्हाला म्हणून सांगते," ती म्हणाली, "हे प्रागला कधी गेलेच नव्हते."

"काय सांगता काकू?" सुबोध म्हणाला. "मला तर वाटायचं, काका तिकडे राहून आलेत."

"कसलं राहतायत! त्र्याण्णव साली जायचं ठरलं होतं. व्हिसासुद्धा आला होता. मी म्हटलं, रजा एकच, आणि गावच्या घराचे पत्रे गळतायत. आधी ते करू. प्राग काय पळून जातंय?"

"मग?"

"मग काय. पत्रे बदलले."

ती थांबली. कॅसेट फिरत राहिली. तिकडून उत्तर आलं नाही.

"चांगले आहेत अजून," आई म्हणाली. "एक थेंब गळत नाही."