राखलेले काळवीट

"केस राहिले पाहिजेत, वीरभद्रप्पा. एकूण एक," उपरण्याने नाक झाकून कारभारी म्हणाले. "मालकांना दिवाणखान्यात काळवीट उभं करायचं आहे, पायताणं शिवायची नाहीत त्याची."

"ऱ्हातील की," म्हणत वीरभद्रप्पाने मीठ लावलेल्या कातड्याची गुंडाळी सुनेपुढे टाकली.

काशम्मा पिशवीसारख्या शिवून टांगलेल्या बैलाच्या कातड्यात बाभळीच्या सालीचे पाणी ओतत होती. तिने मान वळवली नाही. सासरा 'ऱ्हातील' म्हणाला, म्हणजे ते आपणच राखायचे, हे तिला उमगले. जन्मभर कातडी कमावलेल्या त्या म्हाताऱ्याला केस काढण्याची विद्या येत होती, ठेवण्याची नव्हे. ती विद्या घरात फक्त त्याच्या मुलाने, सोमण्णाने आणली. पेंढा भरून जनावरे उभी करणाऱ्या एका साहेबाच्या हाताखाली तो राबला होता. शहरात मार्शल लॉ लागला त्या वर्षी तापाने तो गेला, आणि त्याच्या मागे ती विद्या उरली ती त्याच्या बायकोच्या, काशम्माच्या बोटांत.

उंबऱ्याशी काशम्माचा धाकटा भाऊ चन्नप्पा सकाळपासून बसला होता. तो दुधनीहून बहिणीच्या उडकीचे बोलणे घेऊन आला होता. त्यांच्यात उडकी, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न, रीतीला धरून होते. बिजवर माणूस चांगला, चपलांचे दुकान बाळगून होता. फक्त सासऱ्याने हो म्हणायचे होते.

"मामा, माज्या बोलण्याचं काय?" कारभारी जाताच चन्नप्पाने विचारले.

"येवढं काळवीट हुबं ऱ्हाऊ दे. मग ने की तुज्या बहिणीला. शब्द हाय माजा."

काशम्मा भावाला पोचवायला विहिरीपर्यंत गेली. तिथे तो थांबला.

"अक्का, ह्ये हुबं ऱ्हायलं की कारभारी दुसरं आणतोय, आन म्हातारा तुला सोडत न्हाय. मोडक्या हाताला कोन बांधून ठिवत न्हाय. दावं चांगल्या हातालाच."

"मग म्या काय करू?"

"काय करू नगंस. त्येच म्हनतुया. काय करू नगंस." त्याने पागोटे सारखे केले. "पावणा दिवाळीपातूर थांबतोय. फुडं न्हाय थांबायचा."

परत येताना ती चुन्याच्या कुंडाजवळून आली. पांढरे पाणी गप्प पडून होते. त्यात घातलेल्या कातड्याचे केस मुठीमुठीने निघतात. काळविटाचे केस तर बोलूनचालून नाजूक. हे असे आपल्या मनात आलेच कसे, याचीच तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती कातडे पसरून आतून साफ करू लागली, तेव्हा वीरभद्रप्पा समोर येऊन बसला.

"चुना न्हाय, साल न्हाय. मग पिकतं कसं ग ह्ये?"

"पिकत न्हाय, मामा. कच्चंच ऱ्हातं. मीठ, तुरटी, आन आतनं सोमलाचा साबण. सडत न्हाय, कीड लागत न्हाय, येवढंच."

"मग आपल्या कमावल्याल्यात आन ह्यात फरक तो काय?"

तिने सुरी थांबवली. "आपलं कातडं समदं इसरतं. केस, त्वांड, कुनाचं व्हतं त्ये. मग कुटंबी जातं. मोट व्हतं, व्हाण व्हतं, भिजतं, वाकतं, चालतं. ह्ये कायबी इसरत न्हाय. जसं ठिवलं तसंच ऱ्हातं. मागनं वाकवाय गेलं तर मोडतं."

म्हातारा बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिला. सोमण्णा गेल्यापासून तो तिच्या तोंडाकडे क्वचितच बघे. हातांकडे मात्र बघे.

"सोमण्णा अशीच सुरी धरायचा," तो म्हणाला. "तुज्या हातात ऱ्हायलाय ग त्यो. त्ये हात दुधनीला ग्येले, तर मला काय ऱ्हातंय?"

काशम्माने सुरी पुन्हा कातड्यावर टेकवली. मारझोड करणाऱ्या घरातून पळून जाता येते. मायेने घातलेली कडी आतूनही उघडत नाही आणि बाहेरूनही नाही, हे ज्या बाईने भोगले तिलाच ठाऊक.

तुरटीच्या पाण्यातून काढलेले काळविटाचे कातडे तिने त्या रात्री ओट्यावर निथळत ठेवले. शेजारी शेळ्यांची ओली कातडी पडली होती. पहाटे गिरणीचा भोंगा झाला. गळ्यातल्या लिंगाची पूजा आटोपून म्हातारा कामाला लागला. जन्माची सवय. ओट्यावरची कातडी त्याने कवेत घेतली आणि एकेक करून तो चुन्यात सोडू लागला. सगळ्यांत खाली काळवीट होते.

काशम्मा चुलीपुढून उठून दारात आली होती. तिने पाहिले. एक शेळी गेली. दुसरी गेली. तिने फक्त पाठ फिरवून चुलीपुढे परत बसायचे होते. दोष म्हाताऱ्याच्या सवयीवर गेला असता. कारभारी शिव्या देऊन निघून गेला असता, पुन्हा या दाराला आला नसता, आणि दिवाळीला ती दुधनीच्या गाडीत बसली असती. काही करायचे नव्हते. भाऊ तेच म्हणाला होता.

तिसरी शेळी गेली. त्याच्या हातात आता काळविटाची काळी पाठ होती. त्या पाठीवर तुरटीचे पाणी चमकत होते, आणि एकही केस हललेला नव्हता.

सुनेचा हात सासऱ्याच्या अंगाला लागू नये, अशी त्या घराची रीत. काशम्माने धावत जाऊन त्याचे मनगट धरले.

"मामा, चुना नगं."

दिवाळीच्या तोंडावर काळवीट उभे राहिले. मान किंचित वळलेली, कान टवकारलेले, काचेच्या डोळ्यांत अंगणातला उजेड. काशम्माने सोमण्णाची वाकडी सुई धुतली, पुसली, खणाच्या तुकड्यात गुंडाळली आणि दोन लुगड्यांच्या गाठोड्यात ठेवून गाठ मारली. चन्नप्पा आला होता. कारभारीही आले होते, आणि त्यांच्या बैलगाडीत मिठातल्या दोन गुंडाळ्या होत्या.

"जिवंत वाटतंय," कारभारी म्हणाले.

"म्या तर चुन्यात घालत व्हतो की," वीरभद्रप्पा कौतुकाने म्हणाला. "सुनेनं माजा हात धरला. धाडस बगा, कारभारी."

चन्नप्पाने बहिणीकडे पाहिले. मग म्हाताऱ्याकडे वळून तो म्हणाला, "मामा, शब्द दिला व्हता."

"दिलता की. न्हाय कुटं म्हनतोय? ह्यी दोन तेवडी हुबी ऱ्हाऊ देत."

चन्नप्पाने चपला पायात सरकवल्या. दारात बहिणीजवळ येऊन तो हळूच म्हणाला, "अक्का, त्या दिशी गप का न्हाय बसलीस?"

"केस ग्येले असते रं," काशम्मा म्हणाली.

तो स्टेशनच्या वाटेने निघाला. गाडीत पेंढ्यावर उभे केलेले काळवीटही हलले, आणि फाटकातून बाहेर पडताना त्याची वळलेली मान घराकडेच राहिली.

वीरभद्रप्पाने नवी गुंडाळी सोडली, पसरली, आणि आतून हाक मारली, "सुई कुटं ठिवलीस ग, पोरी?"

"आनते, मामा."

कोनाड्यातले गाठोडे तिने खाली घेतले. गाठ घट्ट बसली होती. तिने ती दातांनी सोडवली, आतली सुई काढून घेतली, आणि लुगडी एकेक झटकून पुन्हा दांडीवर टाकली.