मुख्यालय, रायवळ आंब्याखाली

मुद्दा पहिला: या तालुक्यात एकही झाड तुटू देणार नाही.
(हरित किनारा पक्षाचा जाहीरनामा. कच्चा खर्डा.)

आता पक्ष म्हणजे कोण, तर आनंदा. अध्यक्ष तोच, प्रवक्ता तोच, सभेनंतर सतरंजी झटकणाराही तोच. जयगडच्या रस्त्यावरून आत वळलं की त्याची वाडी, आणि घरापुढे सरळसोट रायवळ आंबा. पक्ष त्याच्याच सावलीत निघाला, म्हणून पत्रकावर पत्ता छापला: मुख्यालय, रायवळ आंब्याखाली. बॅनरवरही तोच आंबा आणि त्याच्याशेजारी, वाईच तिरका, आनंदा.

आनंदा आजवर प्रत्येक निवडणूक लढला आणि प्रत्येक निवडणूक पडला. एकदा तर घरचीही सगळी मतं मिळाली नाहीत. कोणाचं बोट चुकलं, ते त्याच्या बायकोने, गुणवंतीने, अजून सांगितलेलं नाही.

यंदा पंचायत समितीची पोटनिवडणूक नेमकी शिमग्याला लागून आली. म्हणजे मुंबईचे चाकरमानी पालखी नाचवणार आणि मत देऊनच परतणार. समोर उमेदवार चिरेखाणवाला सागर. आनंदाला पहिल्यांदाच विजयाचा वास आला.

तेवढ्यात देवीचा मानकरी भागोजी चार गावकऱ्यांना घेऊन दारात उभा राहिला. हातात नारळ.

"आनंदा, कौल झाला. उजवा. यंदाची होळी तुझ्या आंब्याची."

इथे जरा थांबू. होळीचं झाड गाव ठरवत नाही, देवी ठरवते. मूर्तीला पाकळ्या लावायच्या. उजवी पडली की होकार. ज्याचं झाड त्याचा मान, पहिला घावही त्याचाच. मग गाव ते झाड खांद्यावर नाचवत सहाणेवर, पालखी बसते तिथे, नेऊन उभं करतं. आणि द्यायचं नसेल तर? देवीपुढे गाऱ्हाणं घालायचं, कौल पुन्हा लागतो. गेल्या साली केरूने आपल्या फणसासाठी घातलं. देवी फिरली. फणस उभा आहे.

थांबणं संपलं.

"मान हाय हा," भागोजी म्हणाला. "तुझ्या बापसाच्या हयातीत आला न्हाय."

"नाना, पण पक्षाचं मुख्यालय आहे हे."

"मंग? देवीला सगळे पक्ष चालतात."

गावकरी हसले. नारळ बुंध्याशी ठेवून निघून गेले.

"अवो, केरूसारखं गाऱ्हाणं घाला," गुणवंती म्हणाली. "माझ्या लोणच्याची कैरी ह्याच आंब्याची. आणि जन्मभर तुमचं एकच चाललंय, झाडं वाचवा, झाडं वाचवा."

"केरू निवडणुकीला उभा होता काय? देवीला नाही म्हटलं तर चाकरमानी मत देतील?"

"कुणाला इचारलाव?"

"हे विचारायचं नसतं. राजकारणात कळतं."

"आजपातूर कदी कळलं हुतं?"

मुद्दा पहिला, सुधारित: एकही झाड विनाकारण तुटू देणार नाही.

मुद्दा पहिला, पुन्हा सुधारित: एकही झाड पक्षाच्या संमतीशिवाय तुटू देणार नाही.

संमतीसाठी लगेच बैठक झाली. अध्यक्षांनी ठराव मांडला, प्रवक्त्यांनी अनुमोदन दिलं. सतरंजी झटकणाऱ्याचा विरोध होता, पण त्याचं मत धरत नाहीत.

होळीच्या दिवशी ढोल वाजत वाजत अंगणात आले. गुणवंतीने स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. भागोजीने कुऱ्हाडीला कुंकू लावलं, आनंदाच्या हातात दिली, आणि सोडली नाही.

"काय बोलायचं हाय का, आनंदा?"

"आहे."

ढोल थांबले. चाकरमान्यांनी मोबाइल खाली केले. अंगणात कावळ्याचा आवाज तेवढा राहिला.

"मित्रहो!" आनंदा म्हणाला. "परंपरा आणि पर्यावरण या एकाच आईच्या लेकी आहेत. आज एक झाड जातंय, उद्या शंभर..."

भागोजीने कुऱ्हाड सोडली.

घाव बसला. चिकाचा वास सुटला. मोबाइल पुन्हा वर झाले. आनंदाने बुंधा खांद्यावर घेतला, बोंब मारली, नाचला. ज्याने ज्याने गुलाल फासला त्याचं त्याचं मत त्याने आपल्या गालावर जमा धरलं.

निकाल. सागर.

वाडीच्या मतदानयंत्रातला आकडा आनंदाने अधिकाऱ्याला पुन्हा वाचायला लावला. त्याने वाचला. तेवढाच होता.

भागोजी सहाणेवर पान लावत बसला होता.

"नाना, मी झाड दिलं. मुख्यालय दिलं!"

"दिलंस. देवी पावंल तुला. मताचं तिनं काय म्हटलं न्हवतं."

"पण..."

"तुला इचारलं की मी, काय बोलायचं हाय का. ढोल उगाच थांबवले? अख्ख्या गावाला वाटलं, आता ह्यो गाऱ्हाणं घालील. केरूनं घातलं. त्याच्याकडं तर पक्षबी न्हाय."

"मग मला अडवलं का नाही?"

"झाड तुझं, कुऱ्हाड तुझ्या हातात. आमी कोण?"

"आणि सागरला मतं? तो डोंगर फोडतो!"

"फोडतो," भागोजीने पान तोंडात टाकलं. "पण फोडतो म्हणून सांगतो बाबा."

वैशाखात अंगणात उरलेल्या खोडाला तांबूस फुटवे आले. आनंदा धावत मोबाइल घेऊन आला. पत्रक मनात तयार होतं: पक्षाला नवी पालवी. फोटोचा कोन धरेपर्यंत शेजारच्या चिमाची शेळी येऊन एक फुटवा खाऊन गेलीसुद्धा.

"गुणवंती, हाकल तिला!"

"थांबा," गुणवंती ओटीवरूनच म्हणाली. "आदी तिला इचारते, पक्षाची संमती घेतलीस काय."

आनंदाने मोबाइल खिशात घातला. माळ्यावरून प्रचाराचा बॅनर काढला, चार काठ्या ठोकल्या आणि खोडाभोवती कुंपण घातलं. पत्रक राहिलं. फोटो राहिला. घाम पुसत तो लांबून बघत राहिला. खूप वर्षांत पहिल्यांदा त्याने एक झाड राखलं होतं, आणि बघायला एका गुणवंतीशिवाय कोणी नव्हतं.

शेळी परत आली. बॅनरवर एका अंगाला आंबा होता, दुसऱ्या अंगाला तिरका आनंदा. तिने दोन्हीकडे हुंगून पाहिलं आणि आनंदाच्या बाजूने सुरुवात केली.