सतरा कासवांचा मुद्देमाल

स्योकाऊने मेलेल्या कासवाच्या मागच्या पायाला दोरा बांधला, पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर अकरा आकडा लिहिला आणि ते पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवलं. आधीची दहा तिथेच होती. ती पुरायची नाहीत, असा हुकूम होता. खटला संपेपर्यंत ती मुद्देमाल होती.

आली तेव्हा सतरा होती. म्विंगीच्या रस्त्यावर नाक्यावर अडवलेल्या एका गाडीत ती सापडली होती, एका पिशवीत, मोज्यांत कोंबून चिकटपट्टीने गुंडाळलेली. भाकरीसारखी चपटी, पाठ इतकी मऊ की बोटाने दाबली तर दबावी. गाडीवाला काटवनातून पळून गेला आणि मागच्या सीटवर बसलेला किम्वेले तेवढा हाती लागला. आपण मधवाले, बाजाराला निघालो होतो, गाडीवाल्याने वाटेत बसवून घेतलं, पिशवीत काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही, असा जबाब त्याने दिला. जामीन मिळाला, तो दर सोमवारी वनखात्याच्या चौकीत येऊन अंगठा उठवायच्या अटीवर.

चौकीवर स्योकाऊ एकटीच असे. खात्यात तिची एकोणीस वर्षं झाली होती. हत्ती शेतातून हाकलणं, फासे काढणं, कोळसेवाल्यांच्या मागे धावणं हे सगळं तिने केलं होतं. कासवं जगवायला तिला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या सोमवारी किम्वेलेने अंगठा उठवला, बोट पँटीला पुसलं आणि तो कासवांच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहिला.

"काय घालता यांना?"

"कोबी."

"कोबी." त्याने मान हलवली. "लग्नाच्या पंगतीला आलेत होय हे?"

"मामा, अंगठा झाला ना? निघा आता."

तो निघाला नाही. आत सहा कासवं कुंपणाच्या कडेकडेने फिरत होती, कोपऱ्यात अडखळून परत वळत होती.

"जागा फार मोकळी आहे, मॅडम. यांच्या पाठीला वरून दगड टेकला पाहिजे, त्याशिवाय जेवायची नाहीत. डोक्यावर नुसतं आभाळ असलं की त्यांना वाटतं, घार आली."

स्योकाऊने त्याच्याकडे पाहिलं. वाटेत गाडीत बसवून घेतलेल्या मधवाल्याला हे कसं ठाऊक, हा प्रश्न तिच्या अगदी ओठावर आला. तिने कुंपणाचं दार उघडलं.

दुपारभर तो ओढ्यातून चपटे दगड आणत होता. दोन बोटं आत जातील आणि तिसरं अडेल एवढीच फट ठेवून त्याने ते एकावर एक रचले. ऊन उतरायच्या आत सहाही कासवं फटींत शिरली. पाय रोवून, पाठ वरच्या दगडाला टेकवून बसली. स्योकाऊने एकाला ओढून पाहिलं. ते हललं नाही.

मग तो सोमवारचा येत होता तो गुरुवारीही येऊ लागला. त्या दिवशी अंगठा नसायचा. शर्टाच्या खिशात कसलीतरी पानं असायची, जाडसर, लव असलेली. ती तो फटीच्या तोंडाशी ठेवायचा आणि लांब जाऊन बसायचा. स्योकाऊ चहा करायची. कधी मका आणि वाल शिजवलेले असायचे, ते एका थाळीत त्याच्यासमोर सरकवायची. तरी सहातलं एक कासव गेलं, पाठोपाठ दुसरंही. तिने बारा आणि तेराच्या चिठ्ठ्या बांधल्या तेव्हा तो शेजारी उभा होता. उरलेली चार मात्र खाऊ लागली.

"एका वेळी एकच अंडं घालतं हे," तो एकदा म्हणाला. "एकच. कोंबडीसुद्धा एवढी चिकट नसते."

स्योकाऊ हसली नाही. "मग एक डोंगर रिकामा व्हायला किती दिवस लागतात, मामा?"

त्याने कप खाली ठेवला.

"फार नाही लागत, पोरी," तो म्हणाला.

चहा अर्धा टाकून तो उठून गेला. पुढच्या सोमवारी मात्र आला. त्याविषयी दोघंही पुन्हा बोलली नाहीत.

ऑगस्टमध्ये कोर्टात स्योकाऊची साक्ष झाली. सरकारी वकिलाला तिच्याकडून फक्त आकडे हवे होते. जप्त किती, सतरा. मेली किती, तेरा. शिल्लक किती, चार. तेवढं सांगून ती उतरायला निघाली, तोच न्यायाधीशांनी विचारलं, एवढी मेली, मग ही चार कशी राहिली?

तिने आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. किम्वेले इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. वकील करायची त्याची ऐपत नव्हती. त्याच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं.

"त्यांच्यामुळे राहिली, साहेब," ती म्हणाली. "दगड त्यांनी लावून दिले. चारा ते आणतात. कोणी सांगितलं नव्हतं. स्वतःहून येतात."

सरकारी वकील बसले होते, ते उठले. त्यांचा आवाज मऊ होता.

"फट किती ठेवायची, हे त्यांना ठाऊक होतं?"

"हो."

"मोजून?"

"मोजायला लागत नाही त्यांना. हातानेच कळतं."

"आणि तो चारा कुठला?"

"टेकडीवरची पानं आहेत. नाव मला माहीत नाही."

"त्यांना माहीत आहे."

"हो," स्योकाऊ म्हणाली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिने कठड्याची कड धरली. कारकून तिचं वाक्य लिहून घेत होता. किम्वेले तिच्याकडे पाहत नव्हता. तो मान खाली घालून शर्टाची बाही नीट करत होता.

दोन आठवड्यांनी निकाल लागला. सात वर्षं. निकालपत्रात तिच्या साक्षीतल्या चार ओळी जशाच्या तशा होत्या. आरोपीला या प्राण्यांची वर्षानुवर्षांची माहिती आहे, हे त्यावरून सिद्ध होत होतं.

बाहेर पायऱ्यांवर एक बाई तिची वाट पाहत उभी होती. ती किम्वेलेची बायको म्बुला. स्योकाऊने तिला फक्त कोर्टात, मागच्या बाकावर पाहिलं होतं. ती शिव्या देईल, असं स्योकाऊला वाटलं. आपण उत्तर द्यायचं नाही, असं तिने ठरवलं.

"त्यांनी निरोप दिलाय," म्बुला म्हणाली. "सोमवारपासून मी यावं म्हणून."

"तुम्ही?"

"मला येतात दगड लावता. फटीत हात मीच घालायची. त्यांचा पंजा जाड, आत जात नाही." तिने हात पुढे केला. बोटं बारीक आणि लांब होती. मनगटापर्यंत जुने ओरखडे होते, दगडाने खरवडल्याचे.

मागे वरच्या पायरीवर सरकारी वकील फायली पिशवीत भरत होते. स्योकाऊने वळून पाहिलं नाही. पण कागदांचा आवाज थांबलेला तिला ऐकू आला.

"काय बोलता हे," ती म्हणाली. तिचा आवाज नको तेवढा मोठा झाला. "दगड कोणालाही लावता येतात. तुम्हाला काय त्यातलं कळतंय? घरी जा."

"अहो मॅडम, पण ती पानं तरी—"

"आमचं आम्ही बघू."

म्बुला तिच्याकडे पाहत राहिली. मग तिची नजर स्योकाऊच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथे थोडी थांबली.

"बरं, मॅडम," ती म्हणाली. तिने दोन्ही हात खांद्यावरच्या कापडाखाली घेतले, आणि ते तसेच झाकून ती स्टँडच्या दिशेने चालू लागली.