पुढच्याला गाठायची खोड

धाकटीला लहानपणापासून एक खोड होती. पुढे कोणी जाताना दिसलं, की त्याला गाठल्याशिवाय तिला चैन पडत नसे. दूधवाल्याची सायकल असो, शेजारचे आजोबा असोत नाहीतर ऑफिसला उशीर झालेला कुणी कारकून असो, तिचे पाय भेदभाव करत नसत. या खोडीने तिला कपाटभर पदकं मिळवून दिली, आणि याच खोडीपायी दोन कॉलेजांतली प्रशिक्षकाची नोकरी तिच्या हातातोंडाशी येऊन गेली.

दोन्हीकडे तोंडी मुलाखत झकास झाली होती. पुढे मैदानावर नेऊन सांगितलं, मुलांचा सराव घेऊन दाखवा. पहिल्या कॉलेजात ती मुलांबरोबर 'नुसती जरा' धावायला लागली. थोड्या वेळाने वळून पाहते तो मागे कोणीच नाही. मुलं अर्ध्या मैदानात कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी. दुसऱ्या कॉलेजात जाताना तिने मनाशी शपथ घेतली. शपथ एक फेरीभर टिकली. तिच्या बरोबरीने धावायला गेलेला एक मुलगा थेट प्राचार्यांच्या बुटांपाशी येऊन ओकला. तिथल्या कारकुनाने फोनवर अगदी गोड आवाजात कळवलं, "बाई, तुम्ही धावता अप्रतिम. पण धावायला आमच्याकडे मुलं आहेत. आम्हाला त्यांना शिकवणारं माणूस हवंय."

आता हे तिसरं कॉलेज, आणि शेवटचं. थोरल्या बहिणीच्या घरी राहायचं, तर काहीतरी हातभार लावायलाच हवा होता. भावोजींच्या चष्म्याच्या दुकानाची दुसरी शाखा उघडायची होती. इथेही नाही जमलं तर तिथे गल्ल्यावर बसेन, असा तिने शब्द दिला होता. दिवसभर, एका जागी.

"भावोजी, खुर्ची फिरती तरी असेल ना?" तिने विचारलं होतं.

"फिरती आहे," भावोजी म्हणाले. "पण चाकं काढून ठेवणार आहे. तुझा काय भरवसा!"

मुलाखतीच्या सकाळी थोरलीने कपाटातून आपले उंच टाचेचे सँडल काढले आणि तिच्यापुढे ठेवले.

"घाल."

"ताई, मैदानावर जायचंय मला. लग्नाला नाही."

"म्हणूनच तर. यात तुला चालता आलं तरी पुष्कळ. गप उभी राहा आणि नुसतं बघ."

"बघून काय होतं?"

"मी दोन मुलं वाढवली ती काय त्यांच्याबरोबर रांगत?"

धाकटीने सँडल चढवले.

कॉलेजचं मैदान ऐसपैस होतं. एका कडेला दोन खुर्च्या टाकल्या होत्या. एकीवर प्राचार्याबाई, दुसरीवर क्रीडा विभागाचे प्रमुख. प्रमुख एके काळी गोळाफेकीत नाव काढलेले. खुर्ची त्यांना जेमतेम पुरत होती. त्यांनी धाकटीच्या पायांकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं.

संघातल्या मुली तयार होत्या. कप्तान इतकी उंच, की सगळ्या तिला शिडी म्हणत. शेवटी उभी असलेली मुलगी तिच्या खांद्यालाही लागत नव्हती. तिचं नाव लवंगी.

"चार फेऱ्या," धाकटी म्हणाली. "रोज पळता तशा पळा."

मुली सुटल्या, आणि धाकटीच्या पोटऱ्या शिवशिवायला लागल्या. शिडी समोरून गेली तेव्हा ती पुढे झेपावलीच, पण टाच मातीत रुतली आणि ती जागच्या जागी गोल फिरली. प्रमुखांना खोकला आला. निमूटपणे टाच उपटून ती उभी राहिली, आणि दुसरं काहीच करता येत नाही म्हणून बघू लागली.

इतक्या वर्षांत तिने धावणारी माणसं पाहिली होती ती पाठीमागून. त्यांना मागे टाकलं, की संपलं. बाजूने, निवांत, असं कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या फेरीत तिच्या ध्यानात आलं, की लवंगी शिडीइतक्याच लांब ढांगा टाकते आहे. एवढीशी पोर, आणि ढांग हरणाची! प्रत्येक वेळी पाऊल शरीराच्या पुष्कळ पुढे पडत होतं, टाच धप्पकन आपटत होती, आणि ते पाऊलच तिला ब्रेक लावत होतं. पोरगी पळत कमी आणि थांबत जास्त होती.

फेऱ्या संपल्यावर तिने लवंगीला जवळ बोलावलं.

"एवढ्या लांब उड्या का मारतेस गं?"

"आधीचे सर सांगायचे, कप्तानाकडे बघ आणि तशी पळ."

"अहो मॅडम, ती जिन्यातसुद्धा माझ्यासारख्याच ढांगा टाकते," शिडी म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

"आता कुणी कुणाकडे बघायचं नाही," धाकटी म्हणाली. "पुन्हा चार फेऱ्या, फक्त ऐकायचं. शेजारच्या खोलीत तान्हं बाळ झोपलंय असं समजा. पावलांचा आवाज आला तर ते उठेल, आणि मग तुम्हालाच सांभाळावं लागेल."

पहिली फेरी हसण्यात गेली. दुसऱ्या फेरीत धपधप कमी झाली. आवाज टाळायचा तर पाऊल अंगाखालीच पडायला हवं. लवंगीची ढांग आपोआप आखूड झाली, पावलं भराभर पडू लागली. शेवटच्या फेरीत ती एकेकीला मागे टाकत शिडीच्या पाठीशी येऊन भिडली.

"खांदे सोड! हात खाली!" धाकटी ओरडली. सँडल कुठे भिरकावले हे तिला पुढेही आठवलं नाही. मैदानाच्या आतल्या बाजूने, अनवाणी, ती लवंगीच्या शेजारून पळत होती, तिच्या पावलांवर डोळे लावून. "लहान! आणखी लहान! अस्सं!"

शिडी जिंकली, पण केसभराने. लवंगी जमिनीवर बसून श्वास घेता घेता हसत होती. धाकटी भानावर आली. झालं! पुन्हा पळाले.

प्रमुख खुर्चीतून उठले. खुर्ची थोडी त्यांच्याबरोबर उठली.

"दोन कॉलेजांतून तुमची कीर्ती आलीय आमच्यापर्यंत," ते म्हणाले. "मघाशी मी बाईंना म्हटलं, आता या पोरींना मागे टाकून पहिल्या येणार. पुढे का गेला नाहीत?"

धाकटीने शेवटच्या रेषेकडे पाहिलं. ती शिडी आणि लवंगी दोघींच्या मागूनच ती ओलांडून आली होती.

"खरं सांगू सर? रेषा कधी आली ते कळलंच नाही. मी तिची पावलं बघत होते."

प्राचार्याबाईंनी प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुखांनी मान हलवली.

"उद्यापासून सकाळचा सराव तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. "बाकीचं ऑफिसात या, बोलू."

मुलींनी मैदान डोक्यावर घेतलं. धाकटीने कोपऱ्यात जाऊन दुकानात फोन लावला.

"भावोजी, मिळाली."

"म्हणजे गल्ल्यावर बसणार नाहीस?"

"नाही."

"बघा, ऐन वेळी दगा!" भावोजी कडक आवाजात म्हणाले. फोन ठेवायचं मात्र ते विसरले, आणि गिऱ्हाइकाशी बोलणं तिला स्पष्ट ऐकू आलं: "आमची मेव्हणी, कॉलेजात कोच झाली! नाही नाही, साधंसुधं कॉलेज नाही... हं, आता खालची ओळ वाचा. हळू वाचा, घाई नाही. तर मी काय सांगत होतो..."